दुबईत किती पगाराला किती उरतं

व्हॉट्सॲपवरून इथे दुबईत बोलता येत नाही, म्हणून भाच्याने बोटिम ॲप टाकून घेतलं आणि पहिलाच फोन मला केला. "मावशी, दुबईची ऑफर आलीय. महिना पाच हजार दिरहम. म्हणजे एक लाख वीस हजार की गं!"

मी विचारलं, "राहायचं कोणाच्या पैशाने?"

तिकडून काहीच आवाज आला नाही. मला आधी वाटलं फोन कट झाला.

मी २०१२ पासून इकडे, आधी शारजात आणि मग दुबईत, संसार करतेय आणि पहिल्या आठवड्यापासून हिशेबाची वही ठेवलीय. भाच्याला त्या वहीतून जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतेय. खालचे भाडी-किराण्याचे आकडे वहीतले आणि ओळखीच्या घरांतले आहेत. भाग बदलला की शे-पाचशे इकडेतिकडे होणारच. पण एक गोष्ट इतक्या वर्षांत बदललेली दिसली नाही. महिनाअखेरीला खिसा सगळ्यात रिकामा असतो तो तीन हजारवाल्याचा नव्हे, आठ-दहा हजारांवर बायकापोरांना घेऊन आलेल्याचा.

आधी पत्र, मग आकडा

ऑफर लेटर आलं की एकूण रकमेवर बोट ठेवून झाकून टाका आणि बाकीचं वाचा. राहण्याची जागा कंपनी देणार का? कामावर ने-आण? मायदेशी जायचं तिकीट दरवर्षी, दोन वर्षांनी, की नाहीच? आणि बेसिक किती?

बेसिकवर लोक अडत नाहीत आणि नंतर हळहळतात. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मोजतात. वर्ष पूर्ण झालं की पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, त्यापुढे ३० दिवसांचा. पाच हजारांत बेसिक २,००० असेल तर वर्षाचे १,४०० दिरहम जमतात, ३,५०० असेल तर २,४५०. पाच वर्षांत सव्वापाच हजारांचा फरक. महिन्याचा पगार मात्र दोघांचा तेवढाच.

व्हिसा, मेडिकल, एमिरेट्स आयडी हा खर्च कायद्याने मालकाचा आहे. तो तुमच्या पगारातून कापणार असं कोणी म्हणालं तर तिथेच सावध व्हा. मुंबईच्या एजंटामार्फत येत असाल तर ई-मायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवर त्याची नोंदणी बघा. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. लाख-दीड लाख मागणारा माणूस नोकरी देत नसतो, विकत असतो. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणंही बेकायदेशीर आहे. "सेफ्टीसाठी ठेवतो" हे वाक्य ऐकायला मिळेल, तेव्हा घाबरू नका पण विसरूही नका.

डिग्री आणि लग्नाचा दाखला आधी भारतात साक्षांकित करून घ्या: राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास. शेवटचा शिक्का इथल्या परराष्ट्र खात्याचा, त्याचे कागदामागे १५० दिरहम. इथे आल्यावर भारतातला अर्धा भाग करायचा म्हणजे कुरिअर, एजंट आणि मनस्ताप.

पहिल्या दोन महिन्यांची शिदोरी

पहिला पगार हातात येईपर्यंत तीस-चाळीस दिवस सहज जातात. एमिरेट्स आयडी नाही तोवर नीट बँक खातं नाही, खातं नाही तोवर चेकबुक नाही आणि चेकबुकशिवाय इथे बहुतेक ठिकाणी घर मिळत नाही. दुबईत भाडं वर्षाचं ठरतं आणि ते आगाऊ तारखांच्या चेकने दिलं जातं: एक, दोन, चार, फार तर सहा. नवा घरमालक बारा चेकना तयार झाला तर पेढे वाटा.

एकट्याने येणाऱ्याने निदान ३,५०० ते ४,००० दिरहम बरोबर ठेवावेत. बेडस्पेसचं, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका खाटेचं, एका महिन्याचं भाडं, तेवढंच डिपॉझिट, जेवण, नोल कार्ड, सिम. नोल म्हणजे मेट्रो-बसचं कार्ड. साधं रुपेरी २५ दिरहमला मिळतं, त्यातले १९ प्रवासाला वापरता येतात.

कुटुंबासाठी फ्लॅट घ्यायचा तर गणित निराळं. वर्षाला ६०,००० भाड्याचं एक बेडरूमचं घर धरा, चार चेक. चावी हातात पडायच्या आधी पहिला चेक १५,०००, डिपॉझिट ५ टक्के म्हणजे ३,०००, एजंटाचे ५ टक्के आणि त्यावर व्हॅट मिळून ३,१५०, करार सरकारदरबारी नोंदवायचा, ज्याला इजारी म्हणतात, त्याचे दोनशेच्या वर, वीज-पाण्याचं डिपॉझिट २,००० आणि जोडणीचे शंभर-सव्वाशे. साडेतेवीस हजार गेले आणि घरात अजून गादीसुद्धा नाही. आम्ही आलो तेव्हा हा हिशेब कोणी सांगितला नव्हता. पहिले अकरा दिवस जमिनीवर चादर टाकून झोपलो आणि फ्रिजऐवजी शेजारच्या मल्याळी ताईंचा फ्रिज वापरला. ताई अजून मैत्रीण आहेत.

फर्निचर नवं घेऊ नका. इथे रोज कोणीतरी देश सोडून जात असतं आणि डबिझल या जुन्या सामानाच्या साइटवर सोफा, वॉशिंग मशीन, कपाट अर्ध्याहून कमी किमतीत सोडतं. फक्त उतरवून आणायला पिकअपवाल्याचे पैसे धरा.

३,००० : राहणं कंपनीचं

या पगाराची चेष्टा होते, पण जागा आणि गाडी कंपनीची असेल तर हिशेब सरळ आहे. डब्याची मेस ३५० ते ४५०, चहा-नाश्ता १५०, फोन ७५, कपडे-साबण-केस २००, सुट्टीच्या दिवसाचे १००. हजाराच्या आत महिना बसतो. दोन हजार घरी जातात. आमच्या ओळखीचा साताऱ्याकडचा एक एसी मेकॅनिक असाच सहा वर्षं राहिला आणि गावी विहीर, दोन खोल्या आणि बहिणीचं लग्न करून परत गेला. खोलीत सहा जण होते, हेही त्याने तितक्याच मोकळेपणाने सांगितलं.

पगार बँकेतूनच येतो ना ते बघा. २००९ पासून खासगी कंपन्यांना पगार सरकारी देखरेखीच्या प्रणालीतून द्यावा लागतो, त्यामुळे थकला तर तक्रारीला पुरावा राहतो. रोख हातात टेकवणाऱ्या कंपनीपासून लांब राहा.

५,००० : एकटा जीव

भाच्याचं पत्र याच गटातलं. कंपनीची जागा नाही, सगळं स्वतःचं.

बेडस्पेस करामा, बर दुबई, देरा भागात ८०० ते १,०००. खोली स्वतंत्र हवी तर १,८०० पासून पुढे. जेवण, थोडं घरी थोडं मेसचं, ७००. मेट्रो-बसचा सगळ्या झोनचा महिन्याचा पास ३५०. जाणं-येणं एकाच झोनमध्ये असेल तर १४० चा पास पुरतो, म्हणून घर शोधताना आधी ऑफिसचा झोन बघा. फोन १००, किरकोळ ४००. बेडस्पेसवर राहिलात तर अडीच हजार उरतात, स्वतंत्र खोलीत दीड हजार.

बेडस्पेस घेताना प्लायवूडच्या पार्टिशनची खोली घेऊ नका. ती बेकायदेशीर आहे. जून २०२५ मध्ये दुबई पालिकेने रिग्गा, मुरक्काबात, सतवा, बरशा अशा भागांत मोहीम काढून अशा खोल्या रिकाम्या करायला लावल्या, तेव्हा कित्येकांनी एका रात्रीत सामान उचललं. डिपॉझिट परत मिळेल म्हणून कोण कोणाच्या मागे लागणार? भिंत ठोकून बघा, पोकळ वाजली तर उतरा खाली. आणि इजारी कोणाच्या नावावर आहे, त्यात तुमचं नाव सहरहिवासी म्हणून टाकणार का, हेही विचारा. विचारल्यावर चेहरा पडला की उत्तर मिळालं.

एक सवय पहिल्या महिन्यापासून लावा: खर्च दिरहममध्ये मोजा, रुपयांत नाही. दोन दिरहमचा चहा "पन्नास रुपये!" म्हणून सोडणारा मुलगा चार महिन्यांनी वैतागतो आणि मग एका सेलमध्ये सगळं उडवतो. (त्या चहाला इथे करक म्हणतात. आपल्या 'कडक'चंच ते झालंय. अरबांनी आपला शब्द घेतला, आपण मात्र त्यांना तो पैसे देऊन परत पितो.) रुपयांत मोजायचं ते पाठवताना. दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे, म्हणजे रुपया डॉलरपुढे पडला की दिरहमपुढेही तेवढाच पडतो. लोक 'रेट वाढू दे' म्हणून पैसे अडवून ठेवतात आणि ते खर्च होऊन जातात. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम पाठवून मोकळं व्हावं.

१०,००० : इथे पाय घसरतो

कुटुंबाचा व्हिसा काढायला पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची जागा, एवढी अट आहे. घराचा नोंदलेला करारही लागतो. अट इतकी खालची असल्यामुळे सात-आठ हजारांचा माणूस म्हणतो, मला तर परवडलंच पाहिजे. व्हिसा मिळणं आणि परवडणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

दहा हजारांवर नवरा, बायको आणि शाळेत जाणारं एक मूल, घर अल नहदा किंवा कुसैसला. माझ्या वहीतला महिना असा दिसतो.

भाडं ५,०००. हाउसिंग फी २५०, ही नवख्यांना माहीत नसते: वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के रक्कम पालिका वीजबिलातून महिन्यामहिन्याने घेते. वीज-पाणी सरासरी ३५०. घरचं इंटरनेट ३५०. किराणा, भाजी, दूध, मासे १,५००. भारतीय अभ्यासक्रमाच्या साध्या शाळेची फी ८००, शाळेची बस ३५०. नवऱ्याचा पास ३५०. दोन फोन १५०. बायको-मुलाचा व्हिसा आणि विमा वर्षांवर पसरून ३५०. वर्षातून एकदा तिघांची तिकिटं, महिन्याला ३७५.

बेरीज ९,८२५. उरले १७५.

यात बाहेरचं जेवण नाही, चप्पल नाही, वाढदिवस नाही, डॉक्टरकडे विम्यातला आपला वाटा भरावा लागतो तो नाही. क्रेडिट कार्ड घरात येतं ते इथून. कोणी उधळ्या असतो म्हणून नव्हे, एकशे पंच्याहत्तर दिरहममध्ये सांधा बसत नाही म्हणून.

मग करायचं काय? एक वाट शेजारच्या शारजाची. तेवढंच घर ३५ ते ४५ हजारांत मिळतं, म्हणजे महिन्याला सव्वा ते दोन हजार वाचतात. किंमत वेळेने चुकवायची. शारजात मेट्रो नाही, आणि सकाळी सातला शारजा-दुबईच्या अल इत्तिहाद रोडवर उभं राहिलं की कळतं इतकी माणसं हाच हिशेब करून बसलीत. आम्ही तीन वर्षं शारजात काढली. नवरा पावणेसहाला निघायचा, रात्री आठला यायचा. मुलीला तो फक्त शुक्रवारीच, तेव्हाच्या सुट्टीच्या दिवशी, जागा दिसायचा. चौथ्या वर्षी दुबईत, मेट्रोच्या ग्रीन लाइनवरच्या स्टेडियम स्टेशनजवळ आलो. शिल्लक कमी झाली आणि मी एकदाही पस्तावले नाही, पण तेव्हा माझीही नोकरी लागली होती हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

दुसरी वाट तीच: दोन पगार. बायकोला नोकरी मिळेपर्यंत कुटुंब आणू नका असं मी सरळ सांगते. ऐकायला कठोर वाटतं, आणि माझ्या बहिणीला ते आवडलेलं नाही. निदान पहिलं वर्ष एकट्याने काढा, साडेतेवीस हजार आणि वर तीन महिन्यांचा खर्च साठवा, मग तिकिटं काढा. भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, तेव्हा प्रवेशाची हालचाल त्याआधी काही महिने हवी.

भाडेवाढीचं भूत अर्धं खोटं असतं. कराराच्या मुदतीच्या ९० दिवस आधी कळवल्याशिवाय मालकाला भाडं वाढवता येत नाही. वाढही मनाला येईल तेवढी नाही. २०१३ च्या आदेशानुसार तुमचं भाडं त्या भागाच्या सरासरीपेक्षा १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ शून्य, आणि कितीही कमी असलं तरी एका वेळी २० टक्क्यांहून जास्त नाही. सरकारी भाडे निर्देशांक फोनवर बघता येतो. एजंटाचा फोन आला की तो उघडून बसा. माझ्या एजंटाने १५ टक्के सांगितले होते. निर्देशांक दाखवल्यावर ते ५ वर आले आणि वर मला म्हणाला, "मॅडम, आप पहले क्यूँ नहीं बोले?"

२०,००० आणि वर

यांना सल्ला लागत नाही असं त्यांना वाटतं. शिल्लक पडते, खरं आहे. पण याच पगारावर शाळा भारतीय अभ्यासक्रमावरून ब्रिटिशवर जाते, जिथे वर्षाची फी चाळीस ते नव्वद हजारांपर्यंत जाऊ शकते, आणि मूल एकदा तिकडे रुळलं की परत फिरता येत नाही. मग गाडी. भारतीय लायसन्स थेट बदलून मिळत नाही, शिकवणी आणि परीक्षा धरून पाच-सात हजार घाला. सालिकचा टोल गर्दीच्या वेळी दर कमानीला ६ दिरहम, एरवी ४, रात्री एक ते सहा फुकट.

कर्ज मागायच्या आधी बँकच फोन करते. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतात ही वरची मर्यादा आहे, शिफारस नव्हे. नोकरी गेली की दुसरी शोधायची नाहीतर देश सोडायची मुदत सुरू होते, आणि कर्ज थकलेलं असेल तर देश सोडायलाही बंदी येऊ शकते. जानेवारी २०२३ पासून नोकरी जाण्याचा विमा सक्तीचा आहे. १६,००० पर्यंत बेसिक असेल तर महिन्याला फक्त ५ दिरहम आणि व्हॅट. तो भरायला विसरू नका, दंड हप्त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

ऊन आणि मासे

वीज-पाण्याचं बिल दुबईत 'देवा' देते, म्हणजे त्या सरकारी संस्थेचं नावच तसं झालंय. ऑगस्टचं बिल उघडल्यावर तोंडातून तेच निघतं. घर बघताना "चिलर फ्री आहे का" हे विचारा. काही इमारतींत गारव्याचं बिल वेगळ्या कंपनीचं येतं आणि ते उन्हाळ्यात पाचशे-सातशे सहज होतं. जून ते सप्टेंबर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की नळाखाली हात धरवत नाही. तेव्हा गीझर बंद ठेवा आणि गरम पाण्याचा नळ सोडा. गीझरच्या टाकीत साठलेलं पाणी घरातल्या एसीने निवलेलं असतं. उन्हाळ्यात गरम नळाला गार आणि गार नळाला गरम पाणी येणारं हे गाव आहे.

मासे देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये, रात्री उशिरा गेलं तर भाव उतरतो. कामगार बहुतेक मल्याळी किंवा बंगाली, त्यामुळे बांगड्याला 'अयला' आणि तारलीला 'मत्ती' म्हटलं की काम लवकर होतं. महिन्याचं बजेट सांभाळायचं तर सुरमईकडे बघू नका, हे दोनच. कोकम, ज्वारीचं पीठ, पोहे, भाजणी करामा आणि बर दुबईत सगळं मिळतं, फक्त दुप्पट भावाने. आणि मन उदास झालं तर बर दुबईहून देऱ्याला अब्रा होडीने जा. एक दिरहम. २०१२ लाही एकच होता.

बॅग भरताना

भाच्याने कंपनीला लिहून बेसिक ३,००० करून घेतला. जागा नाही दिली त्यांनी, पण पहिल्या महिन्याच्या राहण्याची सोय करतो म्हणाले. पुढच्या पंधरवड्यात येतोय. निघण्याआधी भारतातलं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं भारतातल्या पैशांचं खातं) करायच्या आणि सोबत एनआरई (परदेशातली कमाई ठेवायचं खातं) उघडायच्या कागदांची तयारी करायला त्याला बँकेत पाठवलं, कारण इथून ते काम करायचं म्हणजे सहीच्या नमुन्यावर महिना जातो.

प्रेशर कुकर आण, तवा आण, चष्म्याची जादा जोडी आण असं सांगितलंय. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आण. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली काही असेल तर आधी परवानगी काढ, नाहीतर घरीच ठेव. आणि त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, वेगळा फोन करून बजावलंय की मसाल्यात खसखस घालू नकोस. खसखस इथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते, विमानतळावर पुडी सापडली तर खटला होतो. ती म्हणाली, बरं, मसाला बिनखसखशीचा करते, अनारसे तेवढे देते त्याच्याबरोबर. अगं ताई, अनारशांवर काय लावतेस?